मूठभर साखर आणि एक दात

अक्का, तुमच्या तोंडात गंगाजल घालायला सुरेश वाकला आणि वाकलेलाच राहिला. हातात तुळशीचं पान, आणि नजर तुमच्या डाव्या बाजूच्या फटीवर. मग मान वर करून त्यानं विचारलं, "अक्काचा हा दात कधी पडला?"

खोलीत दहा-बारा बाया होत्या. शेजारच्या गोदावरीकाकू तर तुमच्या उशाशीच बसल्या होत्या. काकूंनी तुमच्या कपाळावरची बट मागे सारली. सात वर्षं झाली तो दात जाऊन, आणि पोटच्या मुलाला आज दिसला. एरवी मला राग आला असता. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं, की आता तुम्ही उठून बसाल, पदर तोंडाला लावाल आणि म्हणाल, "जाऊ दे ना पोरी, नको सांगू त्याले." तुम्ही उठला नाहीत. मग मला खरं वाटलं की तुम्ही गेलात.

आज बारावा दिवस. बाहेरच्या खोलीत माणसं आहेत, मागच्या दारी भांडी वाजताहेत, आणि मी धान्याच्या कोठीजवळ बसून आपल्या मनीच्या शाळेच्या वहीत लिहितेय. धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी मला तेव्हा हे शिकवलं होतं, आठवतं? ज्याला सांगायचं त्याला पत्र लिहा, पाठवू नका. मी सुरेशला लिहिली, माझ्या आईला लिहिली, भुसावळच्या त्या बाईलासुद्धा दोन लिहिली, त्यातलं एक नुसतं शिव्यांचं. तुम्हाला एकही लिहिलं नाही. तुम्ही समोर होतात, कधीही सांगता येईल असं वाटत होतं. तुमची सून कायम आळशीच, हे तुमचं म्हणणं खरं निघालं.

मी सुरुवात डब्यापासून करते, कारण सगळं तिथूनच आहे. सुरेशची भुसावळला पाळीची नोकरी, म्हणून तिथं खोली. रविवारी तो असोद्याला यायचा, सोमवारी पहाटे परत. जाताना मी पितळी डबा भरून द्यायची. शेंगदाण्याची चटणी, लाडू, कधी मसाला. पुढच्या रविवारी डबा परत. धुतलेला, कोरडा, रिकामा. डबा पिशवीतून काढायचं काम तुमचं. तुम्ही तो स्वयंपाकघरात नेऊन फळीवर पालथा घालायच्या आणि मी सोमवारी तो परत भरायची. एकटा राहणारा पुरुष, डबा रिकामाच येणार. मला त्यात कधी काही वाटलं नाही.

मग एका रविवारी तुम्ही मळ्यात अडकलात. केळीला पाणी लावलं होतं आणि पाट फुटला होता. डबा मी काढला. झाकण उघडलं तर तळाशी मूठभर साखर.

आपल्याकडे कुठलीच बाई दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाही. मूठभर साखर, चार शेंगा, अगदीच काही नसलं तर थोडे तांदूळ. पुरुषाला हे मेलं तरी सुचायचं नाही. मला कुठली चिठ्ठी सापडली नाही, कुणी येऊन कान भरले नाहीत. मी ती साखर पाहिली आणि मला सगळं कळलं. सुरेशनं त्या दिवशी नाही-नाही म्हटलं, पुढच्या रविवारी म्हणाला, "आता झालं ते झालं." असं म्हणून जेवायला बसला. मी वाढलंसुद्धा.

त्यानंतरचे चार-पाच महिने मला नीट आठवत नाहीत. तुम्हीच सांगायच्या ते आठवतं. मी चुलीपुढे बसलेली असायची आणि माझ्या डोळ्यांदेखत दूध उतू जायचं. मनी चार वर्षांची होती, तिच्या वेण्या गोदावरीकाकू घालायच्या. माझ्या स्वतःच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर लोकांना समजलं असतं, पण मी नुसती बसून असायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. तुम्ही मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, दोनदा. मिरच्यांचा ठसका सगळ्या घराला लागला, मला सोडून.

आणि एका सकाळी तुम्ही तेलाची वाटी आणि फणी घेऊन माझ्यामागे बसलात. "केस इंचरून देतो, हालू नको. गुरुवारी आपल्याले धुळ्याले जानं हाये."

"कशाला?"

"माह्ये दात दुखून राहिले. दाताच्या डाक्टरकडे."

तुमचे दात दुखत नव्हते. असोद्याच्या नर्सबाईनं तुम्हाला सांगितलं होतं, की धुळ्याला दर दुसऱ्या गुरुवारी नाशिकहून एक डॉक्टरबाई येतात, मनाच्या. जळगावात कुणी ना कुणी ओळखीचं भेटलं असतं, धुळ्यात कोण आपल्याला ओळखतंय? पण गावात सांगायचं काय? सून वेडी झाली असं लोक बोलले असते आणि ते मनीच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. म्हणून दुखणं तुम्ही स्वतःच्या तोंडात घेतलंत आणि मी सोबत. गोदावरीकाकूंच्या कडेवर मनीला देताना तुम्ही गालाला हात लावून म्हणालात, "चार-दोन खेपा माराच लागतीन माय."

चार-दोन खेपा दीड वर्ष चालल्या. जळगावहून सातची गाडी, एरंडोल, पारोळा, धुळे. खिडकीची जागा तुम्ही नेहमी मला दिलीत आणि स्वतः वाटेच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्यांचे धक्के खात बसलात. मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी, डॉक्टरबाईंसाठी. त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी तुम्ही पिशवी बाहेरच्या मावशीच्या टेबलाखाली सरकवून आलात आणि वर तिला समजावलंत, की वांगी गॅसवर भाजायची नाहीत, कपाशीच्या काड्यांवर भाजायची. ती धुळ्याकडची मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "भ्याऊ नको वो माय. आठे बठ्ठा रडतच येतस. डॉक्टरबाई चांगली शे."

इथे सगळेच रडत येतात म्हणे, मी तर रडतसुद्धा नव्हते. पहिल्या तीन वेळा मी आत बसून फक्त भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गोळ्यांनी झोप यायला लागली आणि तोंड कोरडं पडायला लागलं. चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, "मिस्टरांचं नाव काय?" मी म्हटलं, मनीचे पप्पा. "त्यांचं नाव?" मी परत कॅलेंडरकडे पाहिलं. बाई थांबून राहिल्या. त्यांची ती एक खोड होती, विचारायचं आणि खुशाल थांबायचं. शेवटी मी म्हटलं, सुरेश. लग्नानंतर उखाण्याबाहेर घेतलेलं ते पहिलं नाव. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मागून बाकीचं सगळं आलं. साखर, डबा, मी वाढलेलं ते जेवण. मी इतकी रडले की मावशीनं दार उघडून पाहिलं.

तुम्हाला वाटलं मी बरी झाले. परतीच्या गाडीत तुम्ही मला संत्र सोलून दिलंत. तसं काही झालं नव्हतं. त्यानंतरचे काही गुरुवार मी जाताना होते त्याहून वाईट होऊन परतले. बाई उत्तरं देत नसत, याचा मला फार राग यायचा. मी विचारलं, तिनं साखर का घातली? मला कळावं म्हणून, का हाताची सवय म्हणून? तर म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं?" मी बाहेर येऊन तुमच्याजवळ कुरकुर केली, हे मलाच विचारायचं तर ही बाई कशाला हवी? तुम्हीही मान हलवलीत. "मी तं आधीच म्हनत व्हती. घरातली गोष्ट परक्या बाईले सांगून काय व्हते?" आणि पुढच्या गुरुवारी पहाटे तुम्हीच मला उठवलंत.

मग तो पावसाळ्यानंतरचा गुरुवार. बाई म्हणाल्या, आज सासूबाईंना आत पाठवा. तुम्ही पदर सावरत गेलात आणि पाऊण तास आत होतात. मी मावशीजवळ बसले. बाहेर आलात तेव्हा तुमचे डोळे लाल. मी विचारलं, काय म्हणाल्या? तुम्ही म्हणालात, "चाल, गाडी जाईन."

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची. लोक चहाला उतरले. तुम्ही समोरच्या सीटच्या दांडीला धरून, माझ्याकडे न बघता बोललात.

"डबा कधीच रिकामा येत नव्हता, पोरी. साखर मीच काढून घेत व्हती. दीड वरीस."

मला आधी समजलंच नाही.

"मले वाटे, आज ना उद्या डबा रिकामा येईन. रिकामा आला का समजाचं, सुटलं ते. तुले कायले सांगाचं मंग? बाईनं सांगितलं, तुम्हीच सांगा तिले, मी नही सांगनार."

मी विचारलं, "ती साखर कुठं टाकत होतात?"

तुम्ही खाली पाहिलंत. "टाकू कशी? साखर हाये. आपल्याच डब्यात."

म्हणजे दीड वर्ष मी तिची साखर चहात घालून प्यायले. मनीच्या दुधात घातली. सणाला शिऱ्यात घातली आणि सुरेशला वाढली. अक्का, सुरेशनं केलं त्यानं मी बसले होते, पण तुम्ही केलं त्यानं मी पेटले. बाईंच्या दृष्टीनं ती सुधारणा असेल, कोण जाणे. गाडी सुटली आणि मी तुमच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. तिसऱ्या दिवसापासून तुमच्याही कपात साखर नव्हती. साखरेचा डबा घरात मनीच्या दुधापुरता उघडायचा. आणि तरी दर दुसऱ्या गुरुवारी आपण त्याच गाडीत, त्याच सीटवर, शेजारी शेजारी बसून धुळ्याला जात होतो. तुम्ही संत्र सोलून फोडी माझ्या मांडीवर ठेवायच्या. मी खायची नाही, त्या तशाच राहायच्या, मग एरंडोलच्या आसपास तुम्हीच खाऊन टाकायच्या. दोन महिने एक शब्द नाही. बाईंना मी सांगितलं, ज्या बाहेर बसल्यात ना, त्यांच्याबद्दल बोलायचंय आता.

त्याच दिवसांत गोदावरीकाकूंनी ओट्यावर चार बायांसमोर तुम्हाला गाठलं. "सात महिने झाले अक्का, दात तं सगये तोंडातच दिसता! तुमचा डाक्टर दात काढतो का नुसते पायतो?" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, पदर तोंडावर धरून. मी दारातून पाहिलं आणि आत निघून गेले. मला वाटलं, बरं झालं, आता तुमच्या खोटं बोलण्याची शोभा होईल.

पुढच्या गुरुवारी मी बाईंकडून बाहेर आले तर बाकावर तुम्ही नव्हतात. मावशी म्हणाली, "येतेच म्हने." अर्ध्या तासानं तुम्ही रस्त्यानं आलात. चालताना तोल जातोय, गाल सुजलेला, पदराच्या टोकाला रक्त. तोंडात कापसाचा बोळा.

"अक्का, हे काय?"

दोन महिन्यांनंतरचा माझा पहिला शब्द तो. आणि तुम्हाला उत्तर देता येईना. तुम्ही नुसतं हातानं खुणावलंत, दात काढला, आता झालं, आता कुणी काही म्हणणार नाही. नंतर कळलं, तुम्ही दातांच्या दवाखान्यात शिरलात, एक जरासा हलत होता तो दाखवलात आणि फार दुखतो म्हणून सांगितलंत. पाच-सहा वर्षं आणखी सहज निघाली असती त्याची. मी तुम्हाला बाकावर बसवलं आणि तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात आणि बोळ्यातून काहीतरी बोलत होतात, त्यातलं अक्षर समजलं नाही. समजलं नाही हे आज फार सलतं.

गाडीत मी तुम्हाला खिडकीची जागा दिली.

त्यानंतर मी हळूहळू वर आले. एका सकाळी मी अंगणात होते आणि मला दूध उतू जाण्याचा आवाज आला. मी धावले. भांडं उतरवलं, हात भाजला आणि तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. मी बालवाडीत नोकरी धरली. गोळ्या एक-एक करून सुटल्या. शेवटच्या खेपेला बाईंनी तुमची वांगी हातात घेऊन घरी नेली.

पण आपलं भांडण राहिलं ना, अक्का. तुमच्या मनात होतं, की मी बरी झाले म्हणजे भुसावळला जाऊन संसार परत हातात घेईन. मी म्हटलं, नाही जाणार. तुम्ही म्हणालात, "मंग इतल्या खेपा कायच्यासाठी मारल्या?" मी म्हटलं, नाही म्हणता यावं म्हणून. तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सुरेश तुम्हाला न्यायला आला, की अक्का, आता तिकडेच राहा, तीही तुमचं करेल. तुम्ही त्याला जेवू घातलंत, केळीची फणी बांधून दिलीत आणि म्हणालात, "माह्ये दात नही राहिले आता, मले तिकडचं चावनार नही." त्याला वाटलं तुमची थट्टा चाललीय. त्यानं तेव्हाही तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

मग तुमचा तो प्रश्न सुरू झाला. केळीच्या बागेत घडांना टेकू लावताना, पापड लाटताना, कुठंही. "सांग ना, तुले कोनं बरं केलं? त्या बाईनं का मी?" मी चिडवायची, गोळ्यांनी. तुम्ही म्हणायच्या, "बरं, दात परत दे मंग माहा." सहा वर्षं हा खेळ चालला. मी खरं उत्तर दिलं नाही, कारण खऱ्या उत्तराच्या आधी मला दुसरं काही सांगावं लागलं असतं. पारोळ्याचं. तुम्ही माझ्यापासून लपवलंत त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं की नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मी त्या दिवशी रडले त्यालाच आपण दोघींनी उत्तर मानलं. पण चहात साखर परत आली नाही, अक्का. तुमच्याही नाही, माझ्याही नाही. मी दुकानातून आणलेली, आपल्या पैशांची साखर फळीवर असायची आणि आपण दोघी कडू चहा पीत समोरासमोर बसायचो. मी एक चमचा घातला असता तर काय झालं असतं? मला जमत नव्हतं. आणि जमायला लागलं तेव्हा सवय झाली होती.

आज दुपारी सुरेशनं परत विचारलं, "दाताचं काय ते सांग ना." समोर सगळे होते. मी सांगितलं. अक्का दातासाठी कधी जातच नव्हत्या, मी जात होते, मनाच्या डॉक्टरकडे. ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी दात काढून घेतला. एवढंच. साखरेचं सांगितलं नाही, ते तुमचं-माझं. तो उठून मळ्याकडे गेला. गोदावरीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "काढेल दात पाह्यला तव्हाच मी समजली व्हती माय. मंग कोनाजवय बोलली का मी?" तुम्हाला हे ऐकवायला हवं होतं. तुम्ही किती हसला असतात, ती फट दाखवून.

आता ऐका. धाप लागून तुम्ही दवाखान्यात होतात, तिथल्या शेवटच्या संध्याकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. धाप कमी होती. माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "आता तं सांग. त्या बाईनं का मी?" मी म्हटलं, "सकाळी सांगते. आता पडा." काकू तुमच्याजवळ थांबल्या आणि मी शेवटच्या गाडीनं घरी आले.

उत्तर तयार होतं, अक्का. बरं त्या बाईंनीच केलं. बोलल्यावाचून मी उठले नसते, आणि ते तुमच्याशी बोलून झालं नसतं, तुमच्याशी कसं बोलणार होते मी? तुम्ही तर त्या दुखण्यातल्याच होतात. आपलं माणूस ज्यात अडकलेलं असतं ते परक्यालाच सांगावं लागतं, हे मला धुळ्यात कळलं. पण त्या दारापर्यंत मला नेणारं दुसरं कुणी नव्हतं. बाई पाऊण तास माझ्या होत्या. तुम्ही जाण्या-येण्याच्या सगळ्या वाटेवर होतात, मी बोलत नव्हते तेव्हाही. हे ऐकून तुम्ही वाद घातला असतात, म्हणजे बाईच ना, असं म्हणाला असतात. घालू दिला असता मी.

सकाळी मी थर्मास घेऊन सहाच्या गाडीनं निघाले. वॉर्डच्या दारात गोदावरीकाकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी थर्मास तुमच्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवला आणि मग तुमच्याकडे पाहिलं.

आपल्या दोघींचा चहा होता, अक्का. साखर घालून आणला होता.